उधाणाचे पोहे

आये, काल मी पेणला जाऊन आले. वसुबारस होती. रोह्याच्या स्टँडवर धाटावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेल्या पोरांची झुंबड होती, त्यातल्याच एकाने मला खिडकीजवळची जागा दिली. "बाई, मला ओळखलंत का?" म्हणाला. ओळखलं नव्हतं, पण "तुझी पाऊणकी कच्ची होती ना रे?" असं म्हटलं, तर सगळी गाडी हसली आणि तो लाजला. हे अंधारात मारलेले बाण बरेचदा लागतात, कारण माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या पोरांची पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, कच्चीच होती. तुझा जावई यायला तयार होता, पण त्याचे गुडघे तयार नव्हते. मग त्याला चहाचा थर्मास आणि वर्तमानपत्र देऊन मी एकटीच निघाले. तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी पेणच्या पुलावर गाडी आली की मी अजून मान वळवून खाडीकडे बघते आणि गिरणीचा धूर शोधते. काल तो दिसला. एकच होता, पण होता.

तुला पत्र लिहायचं म्हणजे तसा वेडेपणाच. तुला अक्षर येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की तू हात पुसून उंबऱ्यात बसायचीस आणि मी वाचायचे, आणि मध्येच मी काही गाळलं तर तुला कसं कोण जाणे कळायचं. "मागं सोडलास तो सांग," म्हणायचीस. आता हे तुला वाचून दाखवायलाही मीच लागणार. तरी लिहितेय, कारण एका गोष्टीचा निकाल लावायचा आहे. आपलं वाचनालय गावातल्या गिरण्यांवर एक लहानसं पुस्तक काढतंय आणि तुझ्या गिरणीवरचं प्रकरण त्यांनी माझ्याकडे दिलंय. गिरणीमालक शेठच्या नातवाने मला आधीची टिपणं आणून दिली. त्यात तुझ्यावर अर्धं पान आहे, आणि त्या अर्ध्या पानात लिहिलंय की भरतीची वेळ तू तोंडी सांगायचीस आणि इतक्या वर्षांत तुझी भरती एकदाच चुकली. छापून आलं की ते कायमचं झालं. आणि आये, तुझी भरती कधीच चुकली नव्हती, हे मला माहीत आहे.

पण आधी गिरणीबद्दल लिहायला हवं, तेच काम दिलंय मला. मी चार वेळा सुरुवात केली. पहिल्या खेपेला "भाताच्या उत्पादनास अनुकूल भौगोलिक स्थिती" असं काहीतरी लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. आपलं गाव असं सांगून कळणारं नाहीच. खाडीच्या कडेने ओळीने गिरण्या, प्रत्येकीच्या इंजिनाचा आवाज निराळा. आपल्या गिरणीचं इंजिन दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं मध्ये थांबून थांबून चालायचं. बंदरापलीकडच्या गिरणीचं भरधाव. शाळेतली मुलं घड्याळ न बघता सांगायची की अमक्या गिरणीचं इंजिन बंद पडलं म्हणजे जेवणाची सुट्टी झाली. खाडीकाठच्या खारेपाटातलं भात होड्यांनी यायचं, धक्क्यावर गोणी उतरायच्या, आणि त्या उतरता उतरताच गावाला कळायचं की कोणाच्या शेतात यंदा किती पिकलं, कोणाच्या मुलीचं ठरलं आणि कोणाचा मुलगा आखातातून परत आला. वाया काही जायचं नाही. भाताचा तूस भट्टीत, कोंडा गुरांना, कणी कोंबड्यांना, राख भांडी घासायला, आणि उरलेल्या सगळ्या बातम्या पाणवठ्यावर. टिंगल करण्यात आपल्या गावाचा हात कोणी धरणार नाही, आणि टिंगल करून झाली की त्याच माणसाला जेवायला बसवण्यातही नाही. हे मी पुस्तकात लिहिलंय. कापलं नाही म्हणजे मिळवली.

आणि या सगळ्यात मधोमध तू. भट्टीसमोर, लुगडं घट्ट कसलेलं, हातात लांब झारा. तापलेल्या वाळूत भिजलेलं भात पडायचं, तडतडायचं, आणि तू डोळे मिटल्यासारखी करून ऐकायचीस. कधी काढायचं ते तुला कानाने कळायचं. एक क्षण आधी काढलं तर पोहा कच्चा, एक क्षण उशीर झाला तर चाकाखाली त्याचा भुगा. ते गरम दाणे तसेच्या तसे लोखंडी चाकाखाली जायचे आणि चपटे होऊन बाहेर पडायचे, तिथून वाडीवरच्या मावशीच्या चाळणीत. मावशी तेव्हा नवी नवरी होती, नदीकाठच्या वाडीवरून चालत यायची, आणि चाळताना अशी काही कंबर हलवायची की शेठ मुद्दाम दुसरीकडे बघायचा. शेठसुद्धा भट्टीच्या रेषेच्या आत यायचा नाही. एकदा आला होता, तर तू झारा आडवा धरून म्हणालीस, "शेट, तुमी गादीवर बरं." तो निमूट गेला. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला होता, की मी शाळेतल्या निबंधात तो प्रसंग जसाच्या तसा लिहिला आणि गुरुजींनी तो वर्गात वाचला.

पण तुझी खरी विद्या पाण्याची होती. गिरणीची विहीर खाडीला लागून. एकादशी उलटली, अमावस्येकडचं उधाण चढायला लागलं, की भरतीबरोबर विहिरीत खार उतरायचा. भात भिजवायला गोडं पाणी हवं, म्हणून भरतीच्या आधी रहाटाने पाणी ओढून हौद भरून ठेवायचा. भरती कधी, हे सांगायला तुला पंचांगातली फक्त तिथी लागायची. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता समुद्राला भरती, आणि पाणी आपल्या खाडीपर्यंत चढायला वर एक तास. शाळेत मी पाऊणकी शिकले तेव्हा घरी येऊन म्हणून दाखवली, तर तू चुलीपुढून न वळता पंधरापर्यंत घडाघडा म्हणालीस आणि तिथे थांबलीस. "पुढची?" मी विचारलं. "पुढं तिथी नाय," तू म्हणालीस. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण पाढा कुठे थांबवायचा याचं इतकं चोख कारण मला दुसऱ्या कोणी दिलं नाही.

आता ती वसुबारस. मी अठरा वर्षांची आहे, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. गिरणीवाल्या बाईची मुलगी मास्तरीण होणार म्हणून गावात माझं जरा प्रस्थ आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातही ते बरंच चढलेलं आहे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर घराघरात नव्या भाताचे पोहे होणार, दूधपोहे, दहीपोहे, फोडणीचे, गुळाचे. त्या पोह्यांचं भात आज भिजायचं, उद्या भाजायचं, परवा पहाटे गावाने खायचं. तू भट्टीला नवी माती लिंपते आहेस, कोपरापर्यंत हात भरलेले. "आज भरती कवा गो?" तू विचारतेस. "बारा पाऊण नऊ. वर तास. दहा," मी म्हणते. "मंग दहाच्या आत हौद भर," तू म्हणतेस आणि पुन्हा मातीत हात घालतेस. तू मला पहिल्यांदाच पाण्याचं काम सांगितलं होतंस.

मी निघालेही होते. पण त्याच दिवशी गिरणीचं नवं चाक मचव्यातून येणार होतं, आणि मचवा यायचा भरतीलाच. धक्क्यावर सगळं गाव लोटलेलं. चाकाला दोर बांधले होते, मचव्याचा तांडेल ओरडत होता, पाच जणांचं पाच तऱ्हेने मार्गदर्शन चाललं होतं, आणि चाक काही हलत नव्हतं. चाकाबरोबर रोह्याचा एक फिटर आला होता. निळा शर्ट, हातात पाना, आणि इतक्या गोंगाटात तो एकटाच गप्प. त्याने एक फळी मागितली, चाकाखाली सरकवली, आणि ते घरंगळत धक्क्यावर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन इकडेतिकडे पाहिलं आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं. पुढचं तुला माहीत आहे, तो तुझा जावई झाला. मी विहिरीवर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ज्या पाण्याने चाक आलं, नवरा आला, तेच पाणी विहिरीतही आलं होतं. मी पदर खोचला आणि हौद भरला.

दिवाळीची पहाट मला अजून तासातासाने आठवते. आंघोळी झाल्या, कारीट फुटलं, आणि आळीत एकदम सगळ्या घरांतून एकसारखा आवाज आला. माणूस गोड समजून तोंडात घालतो आणि ते खारट निघतं, तेव्हा निघतो तो आवाज. दूधपोह्यांचं तर पुरतं हसं झालं होतं. फोडणीच्या पोह्यांत बायांनी सवयीने मीठ घातलेलं, त्यामुळे तेही घशाखाली उतरेनात. साडेसहाच्या सुमाराला शेठ हातात वाटी घेऊन आपल्या दारात उभा, कपाळाला उटणं तसंच. मागे दहाबारा माणसं. "काय गो, हा काय केलास? वर्षाची दिवाळी, आनि पोहे का सुकी मच्छी?" मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं आये, पण तू पुढे झालीस. "माजी भरती चुकली, शेट," तू म्हणालीस. सरळ, मान वर करून. तुझी भरती चुकणं हे त्यांना खारट पोह्यांपेक्षा भारी वाटलं. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

आणि मग आपल्या गावाने गावासारखंच केलं. शेठची म्हातारी आई, तिला कशालाच चव लागत नाही अशी तिची तक्रार, ती पणतूला घेऊन मागोमाग आली आणि म्हणाली, दहीपोहे अजून आहेत का. दही आंबट, पोहा खारट, वर हिरवी मिरची, तिने दोन वाट्या संपवल्या होत्या. दुपारपर्यंत आळीत शोध लागला होता की हे पोहे नुसते भाजून, वर ओलं खोबरं घालून खावेत, मीठ अजिबात घालू नये. संध्याकाळी लोक गिरणीवर विचारायला आले, "ते चुकीचे पोहे उरलेत काय?" पुढच्या वर्षी शेठने स्वतःहून सांगितलं की एक घाणा चुकवून भिजव. त्याला नाव पडलं उधाणाचे पोहे. अलिबागहून, महाडहून लोक माणसं पाठवायला लागले. तुझं कौतुक सुरू झालं ते थांबेना. मी आता माझ्या रागाचं कारण सांगते. दोष होता तेव्हा तो तू घेतलास, आणि मी घाबरून गप्प बसले. पण कौतुक आलं तेव्हा तेही तुलाच मिळालं, आणि आता बोलावं तर लोक म्हणणार, बघा, मास्तरीण वाटा मागायला आली. दोन्ही बाजूंनी माझं तोंड बंद. तू दर दिवाळीला एसटीच्या ड्रायव्हरकडे रोह्याला डबा पाठवायचीस, तो मी खायचे आणि चरफडायचे. चवीने खायचे, हेही खरं.

तर काल. शेठचा नातू गिरणीच्या दारात उभा होता. त्या दिवशी पणजीचं बोट धरून आलेला तोच, आता त्याचेही केस पिकलेत. बाकीच्या गिरण्या गेल्या, कुठे लग्नाचा हॉल झाला, कुठे गाड्यांचं दुकान. खाडी गाळाने भरली, धक्क्याला चिखल आणि तिवरं. मचवा येणं आता शक्य नाही, पण भरती येते. याने विजेची मोटर बसवलीय, भट्टी मात्र तुसाचीच ठेवलीय आणि चाक तेच आहे. "बाई, आज भरती किती वाजता?" त्याने मुद्दाम विचारलं आणि मोबाइल पाठीमागे लपवला. "बारा पाऊण नऊ, वर तास," मी म्हटलं. त्याने मोबाइल बघितला आणि म्हणाला, "पाच मिनटांचा फरक हाय." "तुझा मोबाइल चुकला असेल," मी म्हटलं. अकरा वाजता त्याने मला पंपाचं बटण दाबायला लावलं, आता पाणी मुद्दाम खारं घेतात ना. हौदात धार पडायला लागली.

मावशी तिथेच, आदल्या रात्रीच्या भरतीला भिजवलेला पहिला घाणा चाळत बसली होती. पंच्याहत्तरी उलटलीय, बाकी वर्षभर येत नाही, पण या एका घाण्याला चाळण दुसऱ्या कोणाला धरू देत नाही. मी तिच्याशेजारी गोणीवर बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, पुस्तकात चुकीचं छापून चाललंय, त्या वर्षी पाणी आयेने नाही भरलं, मी भरलं. मला वाटलं होतं ती दचकेल. ती चाळत राहिली.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तुजी आय रोज सकाली भाजायच्या आदी दाना चावून बगायची का नाय? त्या दिशी पन चावला. चावला नि थांबली. मंग माज्या हातावर चार दाने दिले. बोलली, बग गो. मी बोल्ली, ह्यो खारा हाय. पानी कोनी भरला? ती बोल्ली, मी."

भाजायच्या आधी. म्हणजे दारात शेठ यायच्या आदल्या दिवशीच तुला कळलं होतं. भात फेकता आलं असतं, पण मग गावाला पोहेच मिळाले नसते, आणि का नाहीत हे सांगावं लागलं असतं.

"मी बोल्ली तिला," मावशी पुढे म्हणाली, "तू नाय भरलास, तुजे हात तं मातीत व्हते, पोरीनं भरला. तवा असा झारा उगारला माज्यावर! बोल्ली, गप. माजी लेक मास्तरीन व्हनार हाय. मास्तरनीची पाऊनकी चुकली असा गावात झाला नाय पायजे. माजी चुकली तं काय, मला कुठं शाला शिकवायची हाय?" मावशी हसली, दात नाहीत आता, पण हसणं तेच. "नि मंग काय गो, भट्टी पेटवलीन नि अशी भाजलीन, अशी भाजलीन, तसा पोहा मी जल्मात चाळला नाय. खारा तं खारा, पन चांगला झाला पायजे, बोलली."

आये, मी तिथे गोणीवर बसून रडले आणि रडता रडता हसले. नातवाला वाटलं धूर लागला, त्याने पंखा माझ्याकडे फिरवला. मी इतकी वर्षं समजत होते की माझी चूक तुला कधी कळलीच नाही, आणि तू आपली भोळेपणाने ती स्वतःची समजून बसलीस. मला तुझी दया येत होती! आणि तू मला आधीच वाचून मोकळी झाली होतीस, मामाच्या पत्रातल्या गाळलेल्या ओळीसारखी. मी बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, गावातल्या कोणी माझ्या गणिताकडे बोट दाखवलं नाही, ते का, हे मला काल कळलं. मला फार आनंद झाला. दुसरा शब्द सापडत नाही आणि शोधायचाही नाही. संध्याकाळी घरी येऊन तुझ्या जावयाला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे सासूबाईंना माझंही कळलं असणार." म्हटलं, नक्कीच. तेव्हापासून तो विचारात पडलाय.

आज सकाळी मी ते प्रकरण पुरं केलं. टिपणातलं ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, की तिची भरती कधीही चुकली नाही. त्या वर्षी हौद तिच्या मुलीने भरला, मचव्यावरचं चाक बघत राहिल्यामुळे उशिरा भरला, आणि चूक आपली म्हणून आईने सांगितलं. निळ्या शर्टाचं लिहिलं नाही, त्याला आता चारचौघांत फिरायचंय. नातवाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग उधाणाचे पोहे तुमचे म्हनायचे का बाई?" मी म्हटलं, पाणी माझं, पोहे तिचे. त्याला पटलं.

हे पत्र मी पोह्यांच्या डब्यात ठेवणार आहे. काल पहिला डबा त्याने माझ्याच हातात दिला, अजून ऊन होता. मावशी म्हणाली, पहिला डबा रोह्याचा, हे तूच ठरवून गेलीस, आये. पण तू वाचताना गाळलेलं पकडतेस, म्हणून एक राहिलंय ते सांगून टाकते. त्या वसुबारसेला हौद निम्मा भरला होता, हात भरून आले होते, तेव्हा मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं होतं. ते खारट होतं. हौद ओतून द्यावा तर तुला कळलं असतं, म्हणून मी तोंड पुसलं आणि उरलेला निम्मा भरला. उशिरा भरला, एवढं मी पुस्तकात लिहिलंय. चाखून भरला, हे फक्त तुला सांगतेय.